क्लचचं नाक

८ जानेवारी, सोमवार

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "आईबद्दल जे काही बोलायचं असेल ते यात बोल. मला सांगू नकोस." बोलतो.

सासूबाई काल आल्या. आठ दिवसांसाठी, असं सांगण्यात आलं आहे. त्यांच्या घरातले सगळे पाइप बदलायचे आहेत, प्लंबरने भिंती फोडून ठेवल्या आहेत. येताना दोन बॅगा, शब्दकोड्यांची पुस्तकं आणि लोकरीच्या गुंड्यांनी फुगलेली एक पिशवी आणली. आठ दिवसांना इतकी लोकर कुणी आणत नाही. मी लोकांना गाडी चालवायला शिकवतो. समोरचा पुढे काय करणार आहे, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळतं. या बाई लवकर हलणार नाहीत.

त्यांना दिलेली खोली माझी आणि क्लचची होती. क्लच म्हणजे आमचा केशरी बोका. शिकवणीच्या गाडीच्या बॉनेटखाली सापडला तेव्हा मुठीत मावायचा, आता सोफ्याची अर्धी बाजू त्याच्या मालकीची आहे. दिवसभराचं सगळं मी त्यालाच सांगतो. तो मध्ये बोलत नाही, आपल्या घरात ही मोठी गोष्ट आहे. काल त्याला म्हटलं, चल बाहेर, आपली खोली गेली. आला नाही. सासूबाईंच्या पायथ्याशी झोपला. फितूर.

११ जानेवारी, गुरुवार

सासूबाई घोरतात. साधंसुधं नाही. थंडीत जुनी गाडी चालू करताना होतं तसं. घर्र, घर्र, मग काहीच नाही, आपल्याला वाटतं सुटलो, आणि मग एकदम घर्रर्र. मधली भिंत असून नसल्यासारखी. बायको म्हणते, "आई आयुष्यात कधी घोरली नाही." म्हटलं, आयुष्यात कधी नाही म्हणजे आता नाही, असं होत नाही.

त्या स्वतः सुखी आहेत. आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलं, आता कानाला यंत्र लागतं, आणि ते त्या झोपताना काढून डबीत ठेवतात. आपण काय करतो याचा त्यांना पत्ताच नाही. तोंडावर सांगणं बरं दिसत नाही, म्हणून मी पेपरातला 'घोरणे : कारणे व उपाय' हा लेख कापून त्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवला. याला म्हणतात नाजूकपणा.

१६ जानेवारी, मंगळवार

सासूबाईंनी उंच पाठीची खुर्ची मागितली. बायको सांगत होती की त्या हल्ली बसूनच झोपतात. काय एकेक हौस. घोरणं चालूच आहे.

दुसरं म्हणजे क्लच शिंकतो. लोकर. सगळ्या खोलीत तिचे तंतू उडतात. बिचाऱ्याच्या एका नाकपुडीतून सारखं पाणी येतं. सासूबाईंना म्हटलं, विणकाम गॅलरीत करत जा. खुर्ची घेऊन गॅलरीत गेल्या. थंडी होती, पण माणसाला मोकळी हवा हवीच.

२२ जानेवारी, सोमवार

आठ दिवस केव्हाच संपले.

खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर लाल ठिपके सापडले. बारीक, शिंतोड्यासारखे, गुडघ्याच्या उंचीवर. सासूबाई शब्दकोडी लाल पेनने सोडवतात. पेन गळतं, हे उघड आहे. गुडघ्याच्या उंचीवर कसं गळतं, याचा मी बराच विचार केला. जमिनीवर लोळून कोडी सोडवत असणार. या वयात. जिद्दीला दाद द्यायला हवी. पेन बदलून निळं ठेवलं.

३० जानेवारी, मंगळवार

आज सासूबाईंना कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं. यंत्र तपासून घेऊ, असं सांगून नेलं आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन खरं काय ते सांगितलं. त्यांनी नळी घालून पाहिलं. म्हणाले, "इतकं मोकळं नाक मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नाही." मला तर वाटतं, त्यांचा दिवा बिघडला असावा.

परत येताना सासूबाई गाडीत एकदम म्हणाल्या, "जावईबापू, मी स्वयंपाकघरात झोपत जाऊ का?"

म्हणजे लेख वाचला होता तर. म्हटलं, "नको, आवाज तिथूनही येईल." त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. एकूण प्रसंग मी चांगला निभावून नेला.

३ फेब्रुवारी, शनिवार

क्लच ताटलीला तोंड लावत नाही. येतो, ताटलीत बघतो, आणि हे काय आहे असं माझ्याकडे बघून निघून जातो. सासूबाई त्याला चोरून काहीतरी चारत असणार. विचारलं तर म्हणाल्या, "मी दिलेलंही खात नाही हो तो." मांजराच्या बाबतीत मी कुणावर विश्वास ठेवत नाही.

६ फेब्रुवारी, मंगळवार

संध्याकाळी स्वयंपाकघरात मी कप विसळत होतो आणि सासूबाई माझ्या शेजारी उभ्या राहून बटाटे सोलत होत्या. एवढ्यात खोलीतून आवाज आला. घर्र, घर्र. थांबला. घर्रर्र.

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या बटाटा सोलत होत्या. कानात यंत्र होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं, खात्री करून घ्यायला, की त्या इथेच आहेत.

"ते कोण?" त्या म्हणाल्या.

आम्ही दोघं गेलो. क्लच पलंगावर बसला होता. टक्क जागा, मान ताणलेली, आणि प्रत्येक श्वासाला तो आवाज. नाकाची डावी बाजू जराशी वर आलेली दिसली. मग तो जोरात शिंकला आणि भिंतीवर तीन लाल ठिपके उमटले. गुडघ्याच्या उंचीवर.

सासूबाईंच्या हातात अजून सोलणं होतं. मी त्यांच्या निळ्या पेनकडे बघायचं टाळलं.

७ फेब्रुवारी, बुधवार

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी, क्लच टोपलीत, आणि सासूबाई, कारण त्या टोपली सोडायला तयार नव्हत्या. डॉक्टरीणबाईंनी विचारायला सुरुवात केली.

"घोरण्यासारखा आवाज कधीपासून?"

"सासूबाई आल्यापासून."

"शिंका?"

"त्यांनी लोकर काढल्यापासून."

"नाकातून रक्त?"

"ते आधी पेनचं होतं."

डॉक्टरीणबाईंनी लिहिणं थांबवलं. "आणि खाणं?"

मी टोपलीत डोकावून बघितलं. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तेही माझ्यामुळेच बंद झालं होतं, असं यांचं मत." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "म्हणजे घोरत मी नव्हते."

"नव्हतात," मी म्हटलं. महिनाभर बाई खुर्चीत बसून झोपल्या. त्या हौसेने बसत होत्या असं मला खरंच वाटलं होतं.

जंतुसंसर्ग असू शकतो, म्हणून औषध दिलंय. रक्तही घेतलं. फरक पडला नाही तर नाकाच्या आत बघावं लागेल म्हणाल्या. उंच पाठीची खुर्ची मी घरी आल्याआल्या खोलीतून बाहेर काढली.

१७ फेब्रुवारी, शनिवार

काडीचा फरक नाही. रक्ताच्या तपासणीत विषाणू वगैरे काही निघालं नाही. काल भूल देऊन डोक्याचा स्कॅन केला आणि नाकातला बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. नाकात काहीतरी वाढलंय. क्लच भुलीतून उठला तेव्हा चारही पाय चार दिशांना जात होते, पहिल्या दिवशीच्या शिकाऊ माणसासारखे. मी हसलो. मग मला हसायचं नव्हतं असं लक्षात आलं.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

लिम्फोमा. पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, नाकात.

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, मला अर्धंच ऐकू आलं. उरलेलं सासूबाईंनी ऐकलं, कानाला यंत्र असून. नाकातला हा प्रकार त्यातल्या त्यात उपचारांचं ऐकणारा असतो. रेडिएशन दिलं तर बरीच मांजरं चांगली वर्ष-दीड वर्ष काढतात, काही त्याहून जास्त. सोबत स्टेरॉइडच्या गोळ्या. हमी कुणी देत नाही. नाही दिलं तर थोडे महिने.

गाडीत बसलो आणि मला रडू आलं. चांगलं मोठ्याने. बोका आहे, कबूल आहे. पण माझं दिवसभराचं बोलणं ऐकून घेणारं दुसरं कोण आहे? मला भीती वाटते. लिहिलं की बरं वाटतं म्हणतात. वाटत नाही.

सासूबाई मागे टोपली मांडीवर घेऊन बसल्या होत्या. म्हणाल्या, "आरसा बघा. इंडिकेटर द्या. निघू या." मी शिकाऊ लोकांना असंच सांगतो. कधी ऐकलं कोण जाणे.

२८ फेब्रुवारी, बुधवार

रेडिएशनचं यंत्र शेजारच्या शहरात आहे. महामार्गाने जाऊन-येऊन अख्खी सकाळ जाते, आणि बऱ्याच फेऱ्या आहेत. शिकवण्या बंद ठेवता येत नाहीत. यावर मला एक युक्ती सुचली, तिचा मला अभिमान आहे. माझ्याकडे शिकणाऱ्या वकीलबाईंना महामार्गाचा सराव हवाच आहे. त्या लायसन्सच्या परीक्षेत चार वेळा नापास झाल्या आहेत. कोर्टात म्हणे समोरच्याला फाडून खातात, पण सिग्नल दिसला की दोन्ही डोळे मिटतात. क्लचला नेणं आणि त्यांचा सराव, दोन्ही एकत्र होईल.

बायको म्हणाली, "आजारी मांजराला तू शिकाऊ माणसाच्या गाडीतून नेणार?" म्हटलं, माझ्या पायाखाली जादा ब्रेक आहे. ती म्हणाली, "तुझ्या पायाखाली काय आहे याची मला काळजी नाही, तुझ्या मानेवर काय आहे त्याची आहे." वहीत लिहून ठेवतो.

५ मार्च, मंगळवार

पहिली फेरी. वकीलबाई स्टिअरिंगवर, मी शेजारी, मागे सासूबाई आणि टोपली. गाडीच्या माथ्यावर लाल 'एल'. क्लच उपाशीपोटी, कारण भूल द्यायची होती, त्यामुळे सगळ्या जगावर चिडलेला.

वकीलबाईंनी पहिल्याच चौकात ब्रेक असा मारला की टोपली सासूबाईंच्या हनुवटीला लागली. सासूबाई म्हणाल्या, "ताई, याच्या नाकात दुखतंय. एवढं लक्षात ठेवून चालवा." झालं. मी चार महिने ओरडून जे झालं नाही ते तिथे झालं. बाईंनी गाडी अशी चालवली की चहाचा कप ठेवला असता तरी हिंदकळला नसता. फक्त वेग बैलगाडीचा. मागून एका ट्रकवाल्याने हॉर्नचा धुमाकूळ घातला. वकीलबाईंनी काच खाली केली आणि म्हणाल्या, "माझा पक्षकार आजारी आहे. ओलांडून जा." तो गेला. जाताना टोपलीकडे बघून त्याने मान झुकवली.

१३ मार्च, बुधवार

उपचार चालू आहेत पण क्लच खात नाही. वास येत नाही, आणि वास नाही तर त्याच्या लेखी ते अन्नच नाही. भुकेचं औषध दिलं, भूक वाढवणारं मलम कानाला लावलं, उपयोग नाही. पाठीचा कणा हाताला लागतो. शुक्रवारपर्यंत स्वतःहून खाल्लं नाही तर मानेतून नळी घालावी लागेल, आणि असंच वजन उतरत राहिलं तर रेडिएशन थांबवावं लागेल. थांबवलं की काय होतं ते मला माहीत आहे.

मी त्याच्यापुढे भाषण केलं. अन्नाचं महत्त्व वगैरे. तो भिंतीकडे तोंड करून बसला.

१४ मार्च, गुरुवार

हे जसं घडलं तसं लिहितो, कुणाचा विश्वास बसणार नाही.

घरी आलो तर सासूबाई जमिनीवर पालथ्या पडलेल्या. म्हणजे पोटावर, कोपरांवर रेलून, क्लचच्या समोरासमोर. मध्ये त्याची ताटली. वाफेवर कोमट केलेला मासा. आणि त्या ताटलीतून स्वतः खात होत्या. मचमच आवाज करत.

"सासूबाई, हे काय?"

"त्याला वास येत नाही, पण दिसतं ना. ऐकू येतं ना. आपल्या ताटातलं दुसरा खातोय म्हटल्यावर कोण गप्प बसेल? या, बसा. एकटीने खाऊन मला पुरे झालंय."

मी पोटावर झोपलो. खाल्लं. मीठ अजिबात नाही, बाकी वाईट नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "आवाज मोठा करा. घोरण्याचा ऐकू येतो तेवढा तरी." मी मोठा केला. आम्ही दोघं मचमच करत राहिलो आणि एकमेकांच्या हातावर हात मारून घास पळवू लागलो. क्लच एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होता. बायको कामावरून आली, दारात उभी राहिली, चपला न काढता पुन्हा जिन्यात गेली.

मग त्याने पंजा टाकला. ताटलीवर. आणि सगळं खाल्लं. शेवटी ताटली आमच्यापासून लांब ढकलत ढकलत खाल्लं.

सासूबाईंना उठता येईना. मी हात दिला. मग त्यांचा हात मी जरा वेळ सोडला नाही, त्यांच्या पायांना मुंग्या आल्या होत्या म्हणून.

२१ मार्च, गुरुवार

रोज तिघं मिळून जेवतो. वजन थांबलंय.

सासूबाईंचे पाइप अजून झाले नाहीत. कालही विचारलं, तर म्हणाल्या, "गळतंय म्हणे अजून." माझं डोकंच फिरलं. बाई इतकी राबते आणि तो प्लंबर तिला बेघर ठेवतो. नंबर शोधून त्याला स्वतः फोन केला. त्याने काय म्हणावं? "साहेब, काम केव्हाच संपलं. बाईंनी बघूनही घेतलं." इतकं धडधडीत खोटं मी कधी ऐकलं नाही. त्याला असा झापला की विचारू नका. म्हटलं, बाई स्वतः सांगताहेत गळतंय म्हणून, उद्याच्या उद्या भिंत पुन्हा फोड आणि बघ. तो म्हणाला, "चांगली भिंत आहे हो." म्हटलं, फोड.

जेवताना हे सांगितलं. सासूबाईंना जबरदस्त ठसका लागला. बायको पाणी आणायला म्हणून आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी म्हटलं, आभार मानायची गरज नाही, मी तुमच्या बाजूने उभा राहणारच.

९ एप्रिल, मंगळवार

शेवटची फेरी झाली. त्याच आठवड्यात वकीलबाई परीक्षेत पास झाल्या. परीक्षकाने विचारलं, इतकी हळुवार गाडी कुठे शिकलात. त्या म्हणाल्या, "मागे आजारी माणूस असल्यासारखी चालवते." त्यांचा फोन आला तेव्हा सासूबाई माझ्याआधी रडल्या.

महिन्याने पुन्हा स्कॅन. आवाज बराच कमी झालाय. पण मी बघणार नाही, मोजणार नाही, बोलणार नाही. बोललं की बिघडतं.

७ मे, मंगळवार

गाठ दिसत नाही.

डॉक्टरीणबाईंनी दोन चित्रं शेजारीशेजारी लावून दाखवली. आधीच्यात नाकाची एक बाजू पांढरी भरलेली, आताच्यात काळी, मोकळी. "गेली असं म्हणत नाही मी. आत्ता दिसत नाही, एवढंच म्हणते. गोळ्या चालू ठेवा, पुन्हा बघू." मी म्हटलं, तेवढं पुरे. सासूबाईंनी डॉक्टरीणबाईंच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. मी यंत्राला नमस्कार केला. भलतंच यंत्र होतं, वजनाचं.

८ मे, बुधवार

सकाळी क्लच स्वतः स्वयंपाकघरात आला. नाक वर करून, हवेत काहीतरी शोधत. डबा उघडायच्या आत ओरडायला लागला. ताटली चाटून पुसली. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला.

त्याने हात हुंगला. बोटं, मनगट, कोपरापर्यंत, सावकाश. मग पाठीची कमान केली, शेपूट फुलवली, फिस्कारला आणि सोफ्याखाली गेला.

सासूबाईंचा हात तसाच राहिला. मला काही कळेना. मग कळलं. त्या आल्या तेव्हाच त्याचं नाक बंद झालेलं होतं. त्याने त्यांना कधी हुंगलंच नव्हतं. त्याच्या लेखी आज सकाळी घरात कुणी परकी बाई शिरली आहे.

"वास यायला लागला हो त्याला," सासूबाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. हसताहसता डोळे पुसले. मग पुन्हा पुसले.

मला इतका राग आला की मी जमिनीवर बसून सोफ्याखाली तोंड घालून त्याला वाट्टेल ते बोललो. कृतघ्न म्हणालो. ही बाई नसती तर तू नसतास म्हणालो. त्याच्याशी मी आयुष्यात असं बोललो नव्हतो. त्याला ते सगळं ऐकून घ्यायची सवय आहे, तो पंजा चाटत राहिला.

दुपारी सासूबाईंनी बॅग काढली. म्हणाल्या, "झालं ना माझं काम. भिंतीही लिंपून झाल्या दुसऱ्यांदा. उगाच त्याला कशाला त्रास?"

९ मे, गुरुवार

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, नवा वास आहे, होईल सवय. सासूबाईंचं एखादं वापरातलं कापड घरात ठेवा, तो जिथे बसतो तिथे. त्या गेल्या तरी चालेल, कापड पुरे.

मी आत जाऊन सासूबाईंना सांगितलं की डॉक्टरीणबाईंनी सवय होईपर्यंत थांबायला सांगितलंय. शेवटचं वाक्य सांगितलं नाही, फोन नीट लागत नव्हता. "किती दिवस?" त्यांनी विचारलं. म्हटलं, बोक्याच्या स्वभावावर आहे, हा जरा हट्टी आहे. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं. मग बॅगेतली त्यांची शाल काढून माझ्या हातात दिली आणि बॅग पलंगाखाली सरकवली.

आता उन्हाळा आहे आणि मी ती शाल खांद्यावर घेऊन सोफ्यावर त्याच्या बाजूला बसलोय. घामाने जीव गेलाय. सासूबाई समोर कोडं सोडवताहेत आणि मला अडलेले शब्द विचारताहेत, मला एकही येत नाही. क्लच दारात उभा आहे. मघाशी शालीच्या टोकापर्यंत येऊन हुंगून गेला. आता परत येतोय.